मनुकांच्या पाण्याचा तांब्या

बोरवाडगाव, ता. शेवगाव
सोमवार, १० जून १९४६

चि. अंबिका हिस सुमंतचा सलाम.

पत्र काल लिहिणार होतो, पण काल रविवार. रविवारी मी पत्र लिहीत नाही. मंदिराच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं तेलरंगात रंगवलेली आपल्या ख्रिस्ती मंडळीची बारा कलमं आहेत, त्यातलं सातवं: रविवारी लिखापढी, बाजार, शेतकाम, पाणी शेंदणं बंद. तू त्या भिंतीसमोर अकरा वर्षं बसलीस, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. की हवं? हल्ली तुझं मला काही कळेनासं झालं आहे.

महिना झाला तुला जाऊन. एक ओळ नाही. माझी सख्खी बहीण जामखेडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली, हे मला पाथर्डीच्या मोटारीच्या क्लीनरकडून कळावं? चारचौघांत त्यानं विचारलं, "मास्तर, बाई तिकडं बऱ्या हायत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. काय सांगणार होतो दुसरं, कपाळ?

इथं घरात कुठली वस्तू कुठं ठेवलीस ते देव जाणे. मीठ शोधायला जावं तर हाताला साबूदाणा लागतो. बनुबाई शेजारधर्म म्हणून भाकरी पाठवते. बिचारी डोळ्यांनी अधू झाली आहे, त्यामुळं भाकरी एका अंगानं करपलेली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची. मी मुकाट्यानं खातो. एकदा बोललो, तर दोन दिवस भाकरी आली नाही.

असो. मुद्द्याचं लिहितो. तू रागावून गेलीस, म्हणजे तुझ्यावर अन्याय झाला असं तुला वाटतं. तर मी जे झालं ते क्रमानं लिहितो, कुठं चुकलो ते सांग.

पाच मे. प्रभुभोजनाचा रविवार, जो तीन महिन्यांतून एकदा येतो. पाळकसाहेब नगरहून उन्हातान्हात आलेले. मेजावर पांढऱ्या फडक्याखाली भाकर, आणि शेजारी तू आदल्या दिवशी मनुका उकळून केलेल्या पाण्याचा तांब्या. द्राक्षारस आपल्याला कुठला मिळायला, वर्षानुवर्षं मनुकांचं पाणीच आपण प्रभूच्या प्याल्यात घेत आलो. दुसरं गीत चालू होतं. तेवढ्यात राहीबाईचा नवरा सहादेव दारात येऊन ओरडला, की राहीला पटकी झालिया, बाईंना धाडा. तू उठलीस. तेही एक वेळ मी समजू शकतो, तू नर्स आहेस. पण तू सरळ पुढं मेजाकडं गेलीस, सगळ्या मंडळीदेखत तो तांब्या उचललास आणि चालू पडलीस! गीत तिसऱ्या कडव्यात अडकलं. पाळकसाहेब हात वर करून तसेच उभे. त्या दिवशी बोरवाडगावच्या मंडळीचे प्याले कोरडे राहिले, हे माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

बरं, तिथं जाऊन काय केलंस? प्रभूच्या मेजावरचं पाणी तिला पाजलंस. आणि ती जाण्याआधी तिच्या कपाळी कुंकू लावलंस, खण-नारळानं ओटी भरलीस. तू! ख्रिस्ती बाई, त्यातून विधवा. चौथं कलम काय आहे? पंचांनी विचारलं, तांब्या का नेला, तर तुझं उत्तर काय? "ते पाणी उकळलेलं होतं." हे काय उत्तर झालं? पंचांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तुला परत आणायला राहीबाईच्या दारापर्यंत आलो होतो. तू आली नाहीस. सभेत मी एवढंच सांगितलं आणि ते खरं आहे.

सोबत एक कागद जोडला आहे. "मी अंबिका कबूल करते की" असा. सौम्य लिहिला आहे, तीनही गोष्टी तीन ओळींत उरकल्या आहेत. सही करून पाठव. चार ऑगस्टला पुढचं प्रभुभोजन. त्याआधी कागद आला तर शिस्तीखालच्या, प्रभुभोजनाला बंदी असलेल्यांच्या यादीतून तुझं नाव निघेल आणि तू तुझ्या जागेवर येऊन बसशील. एका सहीनं तुझं काय झिजणार आहे?

घराची चावी बनुबाईकडं असते.

तुझा भाऊ,
सुमंत

*

बोरवाडगाव
सोमवार, १५ जुलै १९४६

चि. अंबिका,

तुझं कार्ड मिळालं. कार्डच. पाकीटसुद्धा नाही. पोस्टमननं वाचलं असेल, त्याच्या बायकोनं वाचलं असेल, आणि मला मिळालं तेव्हा शाळेतली चौथीची पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती.

आणि मजकूर काय? "दादा, राहीबाईच्या दारात काय झालं ते तू सभेत सांगितलंस का? अंबिका." बस्स. मी चार पानं लिहितो आणि तू एक ओळ. कागदाचा पत्ता नाही.

सांगितलं की. मी आलो, तुला हाक मारली, तू आली नाहीस. आणखी काय सांगायचं होतं? तिथं काय पंचायत भरली होती? दोन मिनिटंसुद्धा मी तिथं नव्हतो. हे असं कार्डावर विचारायची काहीएक गरज नव्हती.

मी कागद सुधारून पुन्हा पाठवतो आहे. "गुन्हा" होतं तिथं "चूक" केलं आहे. याहून खाली मी येऊ शकत नाही.

आता दुसरं एक त्रांगडं होऊन बसलं आहे, आणि तेही तुझ्यामुळंच. सहादेव. दिवसकार्य उरकल्यापासून तो दर रविवारी येतो आणि मंदिराबाहेर कडुलिंबाखाली घोंगडी टाकून बसतो. आत ये म्हटलं तर येत नाही. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मास्तर, मला बाईंच्या देवाचं व्हायचंय." मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी त्याला बसवलं आणि बारा कलमं वाचून दाखवली. तंबाखू सोड. सोडतो म्हणाला. जत्रा, तमाशा, नवस. सोडतो म्हणाला. घरातले देवांचे टाक, देव्हारा. तोंड जरा उतरलं, पण मान हलवली. मग मी म्हटलं, कुंकू, हळद, अंगारा घरात नको. राहीबाईचा करंडा असेल तर तो विहिरीत टाक.

तर गडी उठून उभाच राहिला. म्हणाला, "करंडा न्हाई टाकायचो. त्यातलं बाईंनी लावलंया तिला शेवटचं."

मी समजावलं. कलम म्हणजे कलम, एकाला सूट दिली की सगळे मागतील. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, हे समदं सोडल्यावर मी बाईंवानी होईन का?"

मी म्हटलं, तू मंडळीचा सभासद होशील.

"ते न्हाई," तो म्हणाला. "माझी सख्खी भावजय उंबऱ्याच्या आत आली न्हाई. बाईंनी माज्या बायकूचं ढुंगण धुतलं, मास्तर. तोंड वाकडं केलं न्हाई. हे सोड, ते सोड असं कायबी बोलल्या न्हाईत. मला तसलं व्हायचंय. त्याचं कलम कंचं?"

मला त्याचा राग आला. वीस वर्षं मी पोरांना शिकवतो आहे, पण एवढं वेडगळ वाटणारं आणि उत्तर न देता येणारं काही मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. तो गेल्यावर पाहतो तर त्याची तंबाखूची चंची माझ्या बाकावर ठेवलेली. कायमची ठेवून गेला होता.

करंडा मात्र टाकत नाही. आता त्याच्या बाप्तिस्म्याचं मी पाळकसाहेबांना काय सांगू? तूच सांग. सही कर आणि सांग.

सुमंत

*

बोरवाडगाव
सोमवार, ५ ऑगस्ट १९४६

अंबू,

काल प्रभुभोजन झालं. तुझा कागद आला नाही, तुझं नाव यादीत तसंच राहिलं. पाळकसाहेबांनी यादी वाचली तेव्हा तुझं एकच नाव होतं. मी खाली सतरंजीकडं पाहत होतो.

मनुकांचं पाणी या खेपेस मी केलं. बनुबाईला दिसत नाही आणि बाकीच्या बायकांनी "अंबिकाबाईंचं काम, आम्हाला जमायचं न्हाई" म्हणून अंग काढून घेतलं. तुझ्या बाजूच्या आहेत सगळ्या, मला काय कळत नाही? शनिवारी संध्याकाळी मी चुलीपुढं बसलो. ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि त्या मनुका किती वेळ उकळायच्या ते तू कुठं लिहून ठेवलेलं नाहीस. खळखळ उकळी आली आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. तू म्हणालीस ना, ते पाणी उकळलेलं होतं? त्या दिवशी साऱ्या गावात उकळलेलं पाणी तेवढंच होतं. विहीर नासलेली. सरपण पेटवून पाणी उकळून निवेपर्यंत राहीबाईला वेळ नव्हता. तू त्या मेजाचा अपमान केला नव्हतास. तुला नुसतं पाणी हवं होतं. हे तू सरळ तोंड उघडून का नाही सांगितलंस? आणि सांगितलं असतंस तरी आम्ही ऐकलं असतं का, तेही मला ठाऊक नाही.

मी मास्तर आहे. शाळेत पटकीच्या धड्यात मी पोरांना शिकवतो, पाणी उकळून प्या. तीन महिने लागले मला.

हे लिहायला नको होतं, पण सुरुवात केली आहे तर पुढचंही लिहितो. शुक्रवारी सहादेव पुन्हा आला होता. मी चिडलेलोच होतो. म्हटलं, करंडा टाकलास का? नाही म्हणाला. मी आवाज चढवला, काय वाटेल ते बोललो. तो ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मास्तर, म्या कुनाला सांगितलं न्हाई बरं का."

काय नाही सांगितलं, मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमी दारात आला हुता ते. बाईंनी हाक मारली, दादा आत या, हिला धरा, मी एकटी पुरत न्हाई. तुमी म्हनला, तांब्या द्या, मंडळी खोळंबलीया. तोंडाला उपरनं लावलं हुतं तुमी. मंग गेला." आणि मग, अंबू, तो मला धीर देतो आहे अशा आवाजात म्हणाला, "भ्याला हुता तुमी. मी बी भ्यालो हुतो. माजी बायकू हुती, तरीबी मी कोपऱ्यात उभा हुतो. बाई भ्याल्या न्हाईत."

झालं. हेच तुला हवं होतं ना? हेच तू कार्डावर विचारलं होतंस. घे लिहून देतो. तू मला हाक मारलीस आणि मी आत आलो नाही. प्रार्थना खोळंबली म्हणून नाही. मला त्या वासाची, त्या पिवळ्या पडलेल्या हातांची भीती वाटली. मी मरेन असं वाटलं. आणि दारातच मला आठवलं की आज रविवार आहे, प्रभुभोजन आहे, माझ्याकडं कारण आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी पळत परत आलो आणि लोकांना वाटलं, मास्तरांना मंदिराची केवढी ओढ.

बाबांची आठवण येते आहे. ते ख्रिस्ती झाले त्या दिवशी नेवाशाला आजीनं त्यांच्या नावानं आंघोळ केली होती. बाबा सांगायचे, आजोबा सोवळ्यात असले की आम्ही पोरं लांब उभी राहायचो, शिवलं तर मार बसायचा. ते सगळं सोडून बाबा बाहेर पडले, भिक्षुकी गेली, घर गेलं, पण हसत असायचे. मी त्या हसण्याचं काही घेतलं नाही. मी कलमं केली. आणि राहीबाईच्या दारात मी अगदी आजोबांसारखा उभा होतो, फक्त माझं धोतर रेशमी नव्हतं.

नियम पाळणं मला सोपं जातं गं. तंबाखूचा मला वासच सहन होत नाही, तमाशाची आवड नाही, कुंकवाशी माझा काय संबंध? बाराच्या बारा मी झोपेतसुद्धा पाळीन. वीस वर्षं पाळली आणि आतला माणूस जिथल्या तिथंच आहे, भित्रा आणि तोऱ्यात. तुझ्यात आणि माझ्यात प्रभूनं असा दुजाभाव का केला, याचा मला संताप येतो. तुला कधी मिळालं ते? कुठं मिळालं? आपण एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलो.

हे सभेत सांगायचं मला धाडस नाही. पंच काय म्हणतील, पोरांचे बाप काय म्हणतील. तूही कुणाला दाखवू नकोस. सहीचं राहू दे तूर्त.

सुमंत

*

बोरवाडगाव
सोमवार, ४ नोव्हेंबर १९४६

अंबू,

तीन महिने तुला लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? रोज सकाळी वाटायचं आज सांगून टाकावं, आणि रोज काहीतरी निघायचं. शाळा तपासणी. मग दिवाळीची सुट्टी. मग माझी दाढ दुखली. शेवटी सहादेवच म्हणाला, "मास्तर, तुमचं काय अडलंय? पोट फुगल्यावानी फिरताय." मी त्याला म्हटलं, तुझं तू बघ.

पण परवा, शनिवारी, प्रभुभोजनाआधीच्या सभेत मी उभा राहिलो. पाळकसाहेब होते, बन्सीराव आणि बाकीचे पंच होते, झाडून सगळी मंडळी होती. मी सगळं सांगितलं. दारात उभा राहिलो ते. उपरणं तोंडाला लावलं ते. तू हाक मारलीस ते, तुझ्याच शब्दांत. आणि ते लपवून मी तुझ्याविरुद्ध आरोप लिहिला, तोही सुवाच्य अक्षरात, ते. सांगून झालं आणि मी म्हटलं, अंबिकेचं नाव यादीतून काढा आणि तिथं माझं घाला.

मग बन्सीराव खाकरले. तुला माहीत आहेत बन्सीराव, माणूस वाईट नाही, पण हिशेबी. ते म्हणाले, "मास्तर, ते समदं ठीक हाय. पण तुमी कलम कंचं मोडलं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हंजी असं बगा," ते बोटांवर मोजत म्हणाले. "तुमी प्रार्थना सोडून गेला न्हाई, गेला ते बाईंना आनायला, आन् लगीच परत आला. मेजावरची वस्तू हलवली न्हाई. कुंकवाला हात लावला न्हाई. मंग शिस्त लावायची कशाखाली?"

मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते दयाळूपणानं हसले. म्हणाले, "सुमंतराव, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे. पण भिण्याविरुद्ध आपल्याकडं कलम नाही."

मी वळून भिंतीकडं पाहिलं. खरंच नाही गं. एक ते बारा मी वाचून काढली, माझ्याच हातची अक्षरं, कानामात्रेची चूक नाही. एक बाई आत मरते आहे, बहीण हाक मारते आहे, आणि मी पाठ फिरवून आलो, आणि बारापैकी बारा कलमं शाबूत! मी चिडलो. म्हटलं, मग अंबिकेचं तरी नाव काढा. तर म्हणे, बाईंनी तीन कलमं मोडली, ते तर भिंतीवर लिहिलेलं आहे, त्यांची सही आल्याशिवाय कसं काढता येईल? आणि सभा संपवायची प्रार्थना बन्सीरावांनी केली, त्यात माझ्या नम्रतेबद्दल आभार मानले! मला ती भिंत कुदळीनं पाडावीशी वाटली.

तुझ्यासाठी लिहिलेला कागद मी सभेतच फाडला. चौथ्यांदा सुधारलेला होता. बन्सीरावांना वाटलं, मास्तरांचा तोल गेला.

काल रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला. मी तो शेजाऱ्याला दिला, उठलो आणि बाहेर गेलो. प्रार्थना चालू असताना बाहेर जायचं नाही, दुसरं कलम. लिंबाखाली सहादेव होता. त्यानं घोंगडी जरा सरकवून मला जागा केली. आतून गीत ऐकू येत होतं. मी त्याला विचारलं, तुला मंडळीत घेत नाहीत, करंड्यापायी, तरी का येतोस? तो म्हणाला, "बाई येतील कवातरी म्हनून." मला रडू आलं. तू गेल्यापासून मी तुला परत आणायला कागदावर कागद लिहिले आणि हा नुसता वाट पाहत बसला होता.

मग त्यानं कनवटीतून तो करंडा काढला. पितळेचा, लिंबाएवढा, झाकणावर मोर. म्हणाला, "मास्तर, हे बाईंकडं न्या. बाई म्हनल्या टाक, तर टाकीन. दुसऱ्या कुनाचं ऐकायचो न्हाई." मी चौथं कलम लिहिणारा माणूस, तो करंडा माझ्या खिशात आहे. शाळेतून आठ दिवसांची रजा घेतली आहे.

येतो आहे. दार लावून घेतलंस तरी येतो आहे.

दादा

*

जामखेड, दवाखान्याचा ओटा
रविवार, १० नोव्हेंबर १९४६

अंबू,

मी इथं बाहेर बाकावर बसलो आहे आणि तुला त्याचा पत्ता नाही. तुमचा कंपाउंडर मोठा तऱ्हेवाईक माणूस आहे. मी म्हटलं, मी सिस्टर अंबिकांचा भाऊ. तर म्हणे, बाई पहाटेपासून पटकीच्या झोपडीत आहेत, त्यांना बोलावता येणार नाही, तुम्ही भाऊ असाल तर बसून काय राहता, पाणी शेंदा. आणि माझ्या हातात पोहरा दिला! वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आहे मी. पण शेंदलं. बत्तीस घागरी मोजल्या, पुढं मोजायचं सोडलं. तुमची विहीर काय पाताळापर्यंत खणली आहे? हाताला फोड आले आहेत, अक्षर वेडंवाकडं येतं आहे ते त्यामुळं.

जामखेडात पटकी शिरल्याचं मला नगरलाच कळलं होतं. अर्धे उतारू तिथंच उतरले. मोटारवाला म्हणाला, "मास्तर, इचार करा." मी केला. अर्धा तास स्टँडवर उभा राहून केला, वळकटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. पटकीची सुई टोचून घेतली. मग बसलो, कारण परत जाऊन सहादेवला काय सांगणार होतो? कोळशावरची ती मोटार, प्रत्येक चढाला सगळ्यांनी उतरून ढकलायची. वाटेत निजामाच्या हद्दीतल्या नाक्यावर शिपायानं वळकटी सोडली. गीतांचं पुस्तक निघालं, आणि त्याच्या खाली कुंकवाचा करंडा. त्यानं विचारलं, तुम्ही नेमके कोण? मी म्हटलं, बाबा, तेच बघायला चाललो आहे.

भूक लागली आहे. सकाळपासून चहासुद्धा कुणी विचारला नाही. राग आला आहे, लपवत नाही. मला वाटलं होतं, तू दारात येशील, मी काहीतरी बोलेन, तू रडशील. कुठं काय! आज रविवार आहे आणि मी दिवसभर पाणी शेंदतो आहे, आणि आता बसून पत्रही लिहितो आहे. सातवं कलम. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, तारीख घालताना आलं.

तू विचारलं होतंस ना, सभेत सांगितलंस का? सांगितलं. मागचं पत्र पोचलं असेल तर वाचलं असशील. त्यांनी तुझं नाव अजून काढलेलं नाही, ते काढतील तेव्हा काढोत. मी तुला सही मागायला आलो नाही. मला माफी मागायची आहे आणि ती कागदावर मागायची नाही, तोंडानं मागायची आहे. पण तू बाहेर येशील तेव्हा ना!

मी काही बदललो आहे असं समजू नकोस. झोपडीचं दार इथून वीस पावलांवर आहे आणि वारा इकडं वळला की तोच वास येतो, राहीबाईच्या घरातला. मी दोनदा बाक मागं सरकवला आहे. मला वाटलं होतं, सभेत सांगून टाकलं की भीती जाईल. नाही गेली. प्रभूला मी सकाळपासून म्हणतो आहे, मला अंबूसारखं कर, आणि तो ढिम्म ऐकत नाही. घागरी भरून दाराशी ठेवायच्या आणि मागं फिरायचं, इथपर्यंत मला जमतं. प्रत्येक वेळा तेवढंच जमलं.

थांब. कुणीतरी आतून बोलतं आहे.

तुझाच आवाज. "कोण आहे रे बाहेर? जरा आत या, हिला धरा, मी एकटी पुरत नाही."

तेच शब्द, अंबू. मीच आहे हे तुला माहीत नाही. कंपाउंडर बाजाराकडं गेला आहे, ओट्यावर दुसरं कुणी नाही. उपरणं मी इथं बाकावर काढून ठेवतो. पत्र उडू नये म्हणून वर करंडा ठेवतो.

आलो गं.